सांधा वाळेपर्यंत

तांबे आपटले, मंडळी! खुर्चीसकट, पडवीत, पाय वर!

— छे, काही झालेलं नाही. तुम्ही ऐकलंच नाही. तांबे अजून घरीच आहेत, सदऱ्याची बटणं लावताहेत.

प्रश्न वेगळाच आहे — जे आपणहून जुळू बघतं, ते मोडतो कोण?

ऐका! विठोजी मेस्त्री, सुतार. बायको गेलेली, मुलगी लांब दिलेली. घरात बोलणारं कोण? कुकर! संध्याकाळी तेवढे शेजारचे तांबे येऊन पडवीतल्या दुसऱ्या खुर्चीत बसायचे. पण भजनात घोरलं कोण, यावरून दोघांचं बिनसलं — हसू नका, मागच्या रांगेवर माझं लक्ष आहे! — आणि तांबे यायचे थांबले. मेस्त्री रिकाम्या खुर्चीलाच विचारायचे, "चहा घेणार?" ती संकोची. नको म्हणायची.

एका सकाळी कुंपणापलीकडून तांब्यांचा आवाज आला, "संध्याकाळी येतो रे. खुर्ची आहे ना?"

"आहे, आहे!"

होती — पण पाय निखळलेला! मेस्त्रींनी सांध्यात सरस भरला, सुतळीने सांधा आवळला. जन्मभर गिऱ्हाइकांना दटावलेलं, "वाळेपर्यंत हात लावायचा नाही!" आणि आज? भात चढवला, आले, पाय हलवला. "धरलंस ना?" अंघोळ केली, आले, हलवला. "नक्की?" अहो, सरस लाकडाला धरू बघतोय, हा हलवून तीच पकड तोडतोय! पुन्हा धरणार — पण कमी. वाळल्यावर दिसायला घट्ट, आत काही नाही!

मेस्त्रींना कळत नव्हतं? पुरतं कळत होतं! पण एकट्या माणसाला खात्री लागते हो.

संध्याकाळी तांबे आले. "बस रे, बस!" तांबे बसले — आणि मघाशी न झालेलं ते झालं.

"लागलं का? रागावलास? उद्या येशील ना? नक्की?"

"सकाळपासून कुंपणावरून बघतोय, त्या पायाला छळतोयस. आता मला हलवू नकोस. गप बस!"

"बघत होतास? आणि तरी बसलास?"

"तू बस म्हणालास."

मेस्त्री त्यांच्याशेजारी जमिनीवरच टेकले. अंधार झाला. थोड्या वेळाने तांबे घोरू लागले. आणि मेस्त्री — जिंकलेला माणूस! — एक शब्द बोलले नाहीत.

मंडळी, आता घरी जाल आणि कुणाला तरी हलवून विचाराल, "राग गेला ना?" वाळू द्या हो!

आणि आजचा कार्यक्रम ठेवणाऱ्या देवस्थान समितीस नम्र विनंती, की पालखीसाठी रस्ता बंद ठेवता, तशी एकट्या माणसांच्या दारावरून जाणारी, त्यांना खायला उठणारी संध्याकाळ तूर्त बंद ठेवून तिला पर्यायी मार्ग काढून देण्यात यावा.