बायनाबाईचा सरवा

झरीच्या एस्टीत माझ्या मागच्या सीटवर दोघं बोलत होते.

"आबा, हाताला फडकं कशाला बांधलंय?"

"सरवा वेचायलोय, गोपाळ. सोयाबीनच्या शेंगा लय टोचतात."

"तुमी? वीस एकराचे मालक रानात सांडलेल्या शेंगा वेचायलाव?"

"गेल्या साली मीबी असाच हासलो होतो. मशीन काढणी करून गेली अन् मागून रोजानं येणारी बायनाबाई वाकून वाकून वेचायली. म्हनलं, बाई, जाऊ दे ते मातीत. मूठभर दाण्यासाठी कंबर मोडशील."

"मग?"

"ती वेचतच राहिली. शेंगा वाळवल्या, हातानं सोलल्या. पुढं जूनमदी मी इकतचं बियानं पेरलं. एका एकरात कायच उगवलं न्हाई."

"दुसरं बी आनायचं."

"बाजारात होतं कुठं? तवा ही बाई डोक्यावर गोणी घिऊन दारात हुबी. म्हनली, आबासाहेब, तुमच्याच रानातलं हाय."

"पर सरवा तर वेचणारीचा असतो. ते तिचं होतं."

"तिचंच होतं. तरीबी आनलं."

"उगवलं का?"

"दाणा न् दाणा, गोपाळ. हातानं सोललेलं, मशीनचा मार न्हाई. सहाव्या दिवशी रान बघितलं अन् बांधावरच पायातली चप्पल काढली."

"म्हनून यंदा तिच्या संगं वेचायलाव."

"हां."

"जमतंय का?"

"कुठलं? मी वेचून पुढं गेलो की ती त्याच जागी परत वाकतीय. अन् तिचा पदर भरतोय."