पाहुण्यापुढे ठेवलेला पाव आणि मीठ

आजच्या समारंभाचे आदरणीय अध्यक्ष, व्यवस्थापन मंडळाचे सदस्य, मुख्याध्यापक, ज्यांच्यासाठी आपण सगळे जमलो ते कृष्णनाथ गावस सर, त्यांच्या शेजारी बसलेल्या आनंदीवहिनी, माझे सहकारी, सर्वण गावातून आणि आसपासच्या वाड्यांवरून आलेले पालक, आणि मुलांनो,

मला पाच मिनिटं दिली आहेत. ती मी पाळीन असं वाटत नाही.

आत्ताच मानपत्र वाचलं गेलं. अक्षर सुरेख आहे, चौकट सोनेरी आहे. शाळेच्या बागेचं कौतुक आहे, सरांच्या वक्तशीरपणाचं आहे. पण भूगोल हा शब्द त्यात एकदाही नाही! तेवीस वर्षं भूगोल शिकवलेल्या माणसाला आपण माळी म्हणून निरोप देतोय का, अध्यक्ष महाराज? मला संताप येतो, आणि तो मी आज लपवणार नाही.

सर नववीला रशिया शिकवायचे, तेव्हा शेजारच्या वर्गात माझं मराठीचं व्याकरण थांबायचं. सायबेरियातल्या मोठ्या नद्या उत्तरेकडे वाहतात. वसंतात वरच्या अंगाचं बर्फ वितळतं, पण मुखाशी नदी अजून गोठलेलीच असते. ‘मागीर उदक वतलें खंय?’ सर विचारायचे. ‘शेतांत, सर!’ सगळा वर्ग ओरडायचा. डिचोलीचा पूर पाहिलेल्या पोरांना आणखी काय समजावायचं? गोठलेल्या जमिनीवर घरं खांबांवर का उभारतात, खेड्यातली म्हातारी माणसं भिंतीएवढ्या चुलीवर अंथरूण का घालतात, हे आमच्या मुलांना तोंडपाठ होतं. बर्फ त्यांनी पाहिलं होतं फक्त मासळीच्या पेटीत.

गोवा राज्य झालं त्याच्या पुढच्या वर्षीचं स्नेहसंमेलन आठवा. प्रत्येक वर्गाने एकेका देशाच्या रीतीने पाहुण्यांचं स्वागत करायचं ठरलं होतं. नववीकडे रशिया. तिकडे पाहुण्यापुढे गोल पाव आणि मीठ धरतात. पाहुण्याने पावाचा तुकडा मोडायचा, मिठाला लावायचा आणि खायचा. एके काळी तिथे मीठ लांबून यायचं, महाग पडायचं, म्हणून त्याचा एवढा मान. सरांनी पोदेराकडून मोठा पाव मुद्दाम भाजून घेतला. मीठ पेडण्याच्या मिठागरातलं. आनंदीवहिनींनी टॉवेलवर लाल दोऱ्याने नक्षी भरून दिली.

ताट धरलं होतं नववीतल्या शेवंताने. वडील सावंतवाडीकडचे, खाणीवर ट्रक चालवणारे. प्रमुख पाहुण्यांनी शाळेला नवी इमारत देऊ केली होती, म्हणून सगळेच धास्तावलेले. पाहुण्यांना रीत ठाऊक नव्हती. प्रसादाला करतात तसा त्यांनी हात पुढे केला. पोर गांगरली. तिने चिमूटभर मीठ त्यांच्या हातावर ठेवलं.

हातावर मीठ! आपल्याकडे शेजारणीलासुद्धा कुणी असं देत नाही, भांडण होतं म्हणतात. पाहुणे ताडकन उठले. ‘हें कितें? म्हजी दिश्ट काडटात?’ म्हणाले आणि गाडीत बसून निघून गेले. इमारतही गेली.

दुसऱ्या दिवशी मंडळ बसलं. शेवंताच्या हातात दाखला द्यायचा, असं ठरत होतं. तेव्हा सर उभे राहिले. ‘तिका मीच सांगलेलें,’ म्हणाले. खोटं! त्यांनी तिला ताट धरायला सांगितलं होतं, मीठ हातावर द्यायला नव्हे. पण त्या एका वाक्याने मुलगी शाळेत राहिली आणि सरांच्या सेवापुस्तकात शेरा आला: ‘पाहुण्यांचा हेतुपुरस्सर अपमान.’ भूगोल काढून घेतला, बागकाम दिलं. मुख्याध्यापकपद दोनदा समोरून गेलं. सहा वर्षं हा माणूस अबोलीला पाणी घालतोय, आणि आज आपण त्या अबोलीचे गोडवे गातोय!

शेऱ्याखाली एका साक्षीदाराची सही लागत होती. त्या दिवशी मी शेवंताच्या अगदी मागे उभी होते. पाहुण्यांनी आधी हात पुढे केला, हे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. तरी ती सही माझी आहे. माझी नोकरी तेव्हा कायम झाली नव्हती, मी घाबरले. सहा वर्षं शिक्षककक्षात सरांसोबत चहा प्याले. त्यांनी एकदाही विषय काढला नाही.

अध्यक्ष महाराज, हे माझं लेखी निवेदन. काय घडलं ते यात जसंच्या तसं लिहिलंय. माझी साक्ष मी मागे घेते. सर सेवेत आहेत ते आज संध्याकाळपर्यंत. तो शेरा त्याआधी काढा. निवेदन हातात घ्या, मी उभी आहे.

आपण सर्वांनी ऐकून घेतलंत, मी आभारी आहे. बोलण्याच्या भरात व्यासपीठाचा मान राखायचा राहिला असेल, तर मोठ्या मनाने पोटात घाला. त्या सहीची माफी मात्र मला सभागृहाकडून नको. सर, ती मी तुमच्याकडे मागते.