काळी दोनची घरघर

नाही, तो सूर बिघडलेला नाही. बिघडलेला असता तर मला कळलं नसतं? — तू ही पट्टी दाब, मी भाता मारतो. दाब. हं, ऐक. हे जे घरघरतंय ना, घशात कफ अडकल्यासारखं, ते बिघडलेलं नाही, बिघडवलेलं आहे. मुद्दाम. आणि बिघडवणारा तुझ्यासमोर बसलाय, लालबागच्या या जिन्याखाली, भोकं पडलेल्या बनियनवर. — उठतेस कुठे? बस. त्या खोक्यावर बस, मोडत नाही. मोडलं तर मोडलं, आत जुने भातेच आहेत.

दादरच्या क्लासचा मास्तर म्हणाला, काळी दोन बेसूर आहे, परीक्षेच्या आधी लावून आणा. म्हणू दे. त्याचं बरोबर आहे, म्हणून तर जास्त राग येतो. पोरगी भूप गायला बसणार आणि मधेच पेटी म्हशीसारखी रेकणार — परीक्षक काय, हार घालणार आहे तिला? काय नाव म्हणालीस पोरीचं? नूपुर. चांगलं आहे. आमच्या वेळी पोरींच्या हातात पेटी द्यायचेच नाहीत. टाळसुद्धा नाही. गाढव होतो सगळे.

म्हणजे तू गणपतची सून. नायगावची. ते तू सांगायच्या आधीच मला कळलं होतं, तू टॅक्सीतून पेटी उतरवलीस तेव्हाच. वरचं लाकूड नवीन, भाता नवीन, आणि हे चामडं कुणी लावलंय गं? चपलेचं वाटतं. पण हा कडेचा जळका डाग बघ. उदबत्तीचा आहे. भोईवाड्याच्या भजनाच्या बारीत पडलाय, मी डोळ्यांनी बघितलाय. — पत्ता कुणी दिला माझा? विचारत विचारत आलीस? लालबागमध्ये विचारत गेलेला माणूस चिवड्याच्या गल्लीत पोचतो बाय, माझ्याकडे नाही. असू दे. नको सांगूस.

आता हा सूर आला कुठून ते ऐक, मग बघू काढायचा की ठेवायचा. कानस माझ्या हातातच आहे, पळून जात नाही. तर हा आला इंग्रजी पिक्चरमधून. — हस. सगळे हसतात. भजनाची पेटी आणि सूर इंग्रजी पिक्चरचा, तोही आकाशातल्या जहाजाचा. तुझ्या सासऱ्याने कधी सांगितलं नाही ना? तो कशाला सांगेल. त्याने जे सांगितलं त्यावर येतो, जरा थांब.

त्या वेळी गणपत गिरणीत होता आणि मी याच जिन्याखाली, माझ्या काकाच्या हाताखाली, भात्यांना ठिगळं लावायचो. दोघं एकाच मंडळात. तो बुवा, पेटीवर, मी मागे झांजेला. आवाज त्याचा, अक्कल माझी — असं मी म्हणतो, तो उलटं म्हणतो. तर मे महिन्यातला रविवार, अंगाची लाही लाही, गिरगावात थेटरात थंड हवा सोडतात एवढंच माहीत होतं. आणि बाहेर पोस्टरवर एक बाई. चंदेरी कपडे, असे अंगाला चिकटलेले की शिंप्याला घाम फुटला असेल. गणपत म्हणाला, आनंदा, याच पिक्चरला जायचं. गेलो. तुला खोटं कशाला सांगू, बाईसाठी गेलो. ती बाई अख्ख्या पिक्चरमध्ये एकदा येते, तीही लहानशा काचेवर, आणि नवऱ्याशी दोन शब्द बोलून जी जाते ती परत तोंड दाखवत नाही. अर्धं थेटर शिव्या घालत उठलं. मध्यंतरानंतर आम्ही दोघं, पंख्याखाली झोपलेला एक इसम आणि पुढच्या रांगेत एक जोडपं, ज्यांना पडद्याशी काही देणंघेणं नव्हतं.

गोष्ट काय म्हणशील तर काही नाही. एक मोठा काळा गोळा, मेलेला, त्याच्यावर गवतही नाही. त्याच्या या बाजूला एक जहाज फिरतंय, त्या बाजूला दुसरं. दोन्ही आपलेच लोक, दोस्त, एकत्र निघालेले. मधे गोळा, त्यामुळे एकमेकांना दिसत नाहीत, आणि बोलायची तार तुटलेली. संपलं. पुढचा सगळा वेळ त्या बाईचा नवरा या जहाजात एकटा, डबा उघडतो, चमच्याने काहीतरी पांढरं खातो — आमच्याकडे आजारी माणसाला देतात तसलं — दाढी वाढते, घड्याळाला चावी देतो, खिडकीतून बघतो. मारामारी नाही, राक्षस नाही. एकदा त्याचा बूट तरंगतो, तो त्या बुटाकडे कितीतरी वेळ बघत बसतो. मी गणपतला म्हटलं, चल, यापेक्षा माझ्या काकाकडे बघत बसू. तो म्हणाला, गप. ऐक.

मग मी ऐकलं. — पट्टी दाब बघू परत. हां. हेच, पण हजार पट मोठं. पिक्चरभर तो एक आवाज चाललेला, ऑर्गन म्हणतात ना चर्चमधला, तसला, जाड. गाणं नाही, चाल नाही, एकच सूर धरून ठेवलेला. इंजिनाचा आवाज समज. मधेच पलीकडून दुसरा येतो, तसाच, पण केसभर खाली. दोन्ही एकमेकांना घासतात आणि मधे असं गरगरायला लागतं — छातीत, कानात नाही. खुर्चीच्या लोखंडातून वर यायचं. मी डोळे मिटले तर मला वाटलं कोणीतरी लांबून हाका मारतंय, आणि नाव माझंच आहे, पण नीट येत नाही. हसू नकोस. मी हे कुणाला सांगितलेलं नाही. गणपतने माझा हात धरला होता, तेही मी कुणाला सांगितलेलं नाही, त्यालाही विचारू नकोस.

आणि शेवट — शेवटी या माणसाचे दिवे जातात. काळोख. तोच आवाज. मग लांब गोळ्याच्या कडेला एक ठिपका चमकतो आणि पडदा पांढराफटक. झालं, राष्ट्रगीत वाजलं असतं तर तेही कळलं नसतं. बाहेर पडलो आणि गिरगावापासून लालबागपर्यंत चालत भांडलो. गणपत म्हणे, ते दुसरं जहाज आलं. मी म्हटलं, कसलं जहाज, तो तारा आहे. तो म्हणे, मग आवाज का वाढला? मी म्हटलं, आवाज वाढवणाऱ्याला घरी जायची घाई झाली म्हणून. भायखळ्याला एका इराण्याकडे चहा घेतला, तिथे तो मालक ओरडला, भांडायचं तर बाहेर. आम्ही तो पिक्चर परत पाहिला. पुन्हा पाहिला. कंटाळा तेवढाच यायचा, अगदी तितकाच. पण थेटरवाल्याने उतरवला तेव्हा घरातलं कोणी गेल्यासारखं झालं.

मग गणपत मागे लागला, तो आवाज पेटीत आण. म्हटलं, वेडा आहेस. पेटीत सूर जुळवतात, भांडायला लावत नाहीत. त्याने महिनाभर डोकं खाल्लं. ही पेटी जुळ्या सुरांची आहे, बघ, प्रत्येक पट्टीखाली पितळेच्या दोन जिभा, आवळ्याजावळ्या, एकाच आवाजाच्या. काका जेवायला घरी गेला आणि मी काळी दोनची एक जीभ कानशीने घासली. एवढीशी. तुझ्या नखावरची धूळ. दाबली तर — तेच. गरगर. गणपत पहिल्यांदा किंचाळला, माझी पेटी मारलीस. मग पट्टी सोडेना. काका परत आला आणि त्याने मला कानशीच्या मुठीनेच हाणलं. बरोबर केलं त्याने.

त्याच साली भोईवाड्याला डबलबारी. तुला माहीत असेल, दोन बुवा समोरासमोर, हा एक गातो, तो उत्तर देतो, रात्रभर लोक हलत नाहीत. समोरचा बुवा भारी होता, आवाज असा की कौलं हलावीत. आपला गणपत घसा बसून मेलेला. शेवटचा गजर घ्यायचा, सगळे टाळ तयार, आणि हा काही गाईचना. नुसती काळी दोन दाबून बसला. एकच सूर. घरघर, घरघर. मला वाटलं, झालं, आता जोडे पडणार. पण समोरचा पखवाजवाला थांबला. बायका बोलायच्या थांबल्या. अख्ख्या मांडवात तो मेलेला गोळा फिरायला लागला, आईशप्पथ. आणि मग त्यावर हळूच त्याने विठ्ठलाचं नाव घेतलं. माझ्या हातातली झांज मला वाजवता आली नाही. बारी आपली.

आणि मग माती खाल्ली त्याने. लोक विचारायला लागले, बुवा, ही चाल कुठली, हा सूर कुठला? गणपतने डोळे मिटले आणि म्हणाला, गावच्या देवीने स्वप्नात येऊन दिला. देवीने. लोकांनी पेटीपुढे नारळ ठेवला, गंगुबाई म्हणून एक होत्या त्यांनी उदबत्ती लावली, तिचा हा डाग. रांग लागली पाया पडायला. मी मागे बसलेला, बोटांत अजून पितळेची भुकटी. मला सांग, देवी कोकणातून गिरगावात येते ती इंग्रजी पिक्चर बघायला? आणि तिला कानस धरता येते? उठलो आणि भर मांडवात बोललो. देवीने नाही, थेटरवाल्याने दिलाय, तिकीट मी काढलं होतं, आणि बुवा पोस्टरवरच्या बाईला बघायला आले होते.

लोक हसले. असे हसले की समोरचा बुवाही हसला. गणपत नाही हसला. त्याने पेटी बंद केली, कापडात बांधली आणि निघून गेला. तेव्हापासून भेट नाही. लग्नाला नाही, मयताला नाही. शांता — माझी बायको — गेली तेव्हा सगळं मंडळ आलं, तो नाही आला. बाहेर रस्त्यापर्यंत येऊन परत गेला असं कोणीतरी म्हणालं. लोक काय वाटेल ते बोलतात. — मला वाईट वाटत नाही. मी खरं बोललो. आजही बोलेन. त्याने नुसतं म्हणायचं होतं, आनंदाने केलाय. दोन शब्द. देवीला काय कमी पडलं असतं?

बरं, ते जाऊ दे. परीक्षा आहे पोरीची. सरक, उजेड अडवतेस. सुरांची, म्हणजे या जिभांची, पाटी काढतो — हे बघ काय काय करून ठेवलंय. हा सूर बदललेला. हाही. हे सगळे नवीन, दिल्लीकडचे, कुणीतरी अनाडी माणसाने बसवलेत. बदलले, बदलले, बदलले — थांब. काळी दोनचे जुनेच आहेत. दोन्ही. माझ्या कानशीचा ओरखडा अजून तसाच दिसतोय. अख्खी पेटी नवीन केली आणि हे दोन कुणी काढू दिले नाहीत?

कोणी दिला पत्ता तुला? आता सांग.

त्यानेच. आणि काय म्हणाला? — नीट सांग, त्याच्या शब्दांत सांग. — 'तो सूर आनंदाचा आहे. काढायचा की ठेवायचा, त्यालाच विचार.'

असं म्हणाला.

आनंदाचा म्हणाला? तुझ्यासमोर? आणखी कोण होतं? — तुझा नवरा होता, नूपुर होती. हं.

हात कापतात म्हणतेस त्याचे. पेटीवर बसत नाही. चालतो ना? काठी घेऊन चालतो. मग ठीक आहे. ऐक आता, आणि मधे बोलू नको. ती कोपऱ्यातली पेटी दिसते, तपकिरी? ती माझी. सूर असे लागलेत की मास्तर शोधत बसेल चूक. ती ने नूपुरला. परीक्षा होऊ दे, भूप गाऊ दे, पुढचं पुढे. पैसेबिसे काढू नको, ठेव आत. ही इथेच राहील. मी हिला कानस लावणार नाही आणि तुझ्या हातीही देणार नाही. रडलीस तरी नाही. ज्याची आहे त्याने यायचं आणि न्यायची. इथे एकसुद्धा पायरी नाही, जिना वर आहे, मी खाली आहे. टॅक्सी दारात थांबते.

आणि त्याला एक सांग. म्हणावं, आनंदा म्हणतो, दुसरं जहाज आलंच नव्हतं. तो तारा होता. पटत नसेल तर इथे येऊन भांड.

— चल, उचल पेटी. खालून धर, खालून, कानाला धरल्यासारखी काय धरतेस. आणि जाताना दार उघडंच राहू दे.