ब्रह्मा घाटावरून धबधब्याकडे

(दुपारची वेळ. नरहर बनारसला, ब्रह्मा घाटावरच्या घरात. त्यांची पत्नी सुनीती लेकीकडे मॉरिशसला गेलेली. आत्ता ती तिथल्या बसमध्ये आहे. दोघं फोनवर.)

नरहर : उतरू नकोस हं अजून. तिसरा स्टॉप तुझा.

सुनीती : बनारसमध्ये बसून मला मॉरिशसचे स्टॉप मोजून देताय!

नरहर : नकाशा समोर आहे माझ्या. बत्तीस वर्षं रेल्वेच्या चौकशी खिडकीवर काढलीत. कुठे गाडी बदलायची, ते लोक मला विचारून जायचे.

सुनीती : लोक जायचे.

नरहर : कळला टोमणा. पण ही बस काय म्हणून? ईशानी रविवारी तिच्या गाडीतून नेणार होती ना?

सुनीती : रविवारी मी बनारसला पोळ्या लाटत असेन. शनिवारचं विमान आहे. लेकीला सुट्टी नाही, आणि धबधबा बघितल्याशिवाय मी काही परत येत नाही.

नरहर : अगं पण एकटी, परक्या मुलखात! तिथली भाषा तरी येते का?

सुनीती : शेजारी एक आजी बसल्यात. त्यांना विचारलं, "ई बस झरना ले जाई?" म्हणाल्या, "जाई, बहिनी. बइठ." चक्क भोजपुरी! त्यांचे पणजोबा आपल्या बनारसकडच्या बलियाचे.

नरहर : वाह भई! म्हणजे आपल्याकडचं सगळं तिथे पोचलंय.

सुनीती : तुम्ही सोडून.

नरहर : मी कसा येणार? क्षेत्रसंन्यास घेतलाय मी. मरेपर्यंत काशीबाहेर पाऊल नाही. चार वर्षं झाली, कधी मोडलाय?

सुनीती : नाही हो. तुमच्या भाचीच्या, मधुराच्या लग्नाला मी एकटीच गेले पुण्याला. सगळ्यांना सांगितलं, त्यांचं व्रत आहे. तुम्ही नव्हतात, तर लोक माझ्याच पाया पडले.

नरहर : मग? पुण्यच मिळालं की तुला. हं, आला स्टॉप. उतर.

सुनीती : उतरले. आजी हात हलवतायत. आता कुठे?

नरहर : डावीकडे. वीस मिनिटं सरळ चढ.

सुनीती : पाटी उजवीकडे दाखवतेय.

नरहर : पाटी चुकली असेल. नकाशा डावीकडे म्हणतोय.

सुनीती : पाण्याचा आवाजही उजवीकडूनच येतोय. तोही चुकला असेल का?

नरहर : थांब... मी फोन उलटा धरला होता. उजवीकडे जा.

सुनीती : चाललेच आहे. अहो, एक सांगू? नीलकंठशास्त्री भेटले होते मला रामघाटावर.

नरहर : बरं. काय म्हणाले?

सुनीती : म्हणाले, "वहिनी, क्षेत्रसंन्यासाच्या संकल्पाची सगळी तयारी मांडून मी दुपारपर्यंत बसलो होतो. नरहरपंत फिरकलेच नाहीत. दुसरा मुहूर्त काढू का?"

नरहर : ...कधी भेटले?

सुनीती : त्याच आठवड्यात. चार वर्षांपूर्वी.

नरहर : आणि तू बोलली नाहीस? लग्नात लोकांना व्रत म्हणून सांगितलंस?

सुनीती : खोटं तुमचं होतं. मी नुसतं पोचवलं. वाटलं, आज सांगाल, उद्या सांगाल. मग तुम्ही शेजारीपाजारी व्रताचे नियम समजावून सांगायला लागलात, तेव्हा आशा सोडली.

नरहर : भीती वाटते गं मला.

सुनीती : कसली?

नरहर : प्रवासाची. गाडी गंगेवरच्या राजघाटच्या पुलावर चढली की छातीत धडधडतं. विमानाचं तर नावच नको. जन्मभर लोकांना गाड्या सांगितल्या मी, आता हे कुणाला सांगू? व्रत म्हटलं की कुणी पुढे विचारत नाही.

सुनीती : मग घ्यायचं तरी खरंखुरं! शास्त्रीबुवांना कशाला बसवून ठेवलंत?

नरहर : निघालो होतो ना. धोतर नेसून बालाजी घाटापर्यंत गेलोही होतो. मग मनात आलं, एकदा संकल्पाचं पाणी सोडलं की संपलं. मग कधीच जाता यायचं नाही. आलो परत. सुनीती? ऐकतेस ना?

सुनीती : पोचले मी.

नरहर : कसा आहे?

सुनीती : खूप मोठा आहे हो. डोळ्यांत मावत नाही. मला रडू येतंय, आणि तुमचा रागही येतोय. दोन्ही एकदम.

नरहर : कॅमेरा लाव ना. दाखव जरा.

सुनीती : नाही दाखवणार.

नरहर : का? नेटवर्क नाही?

सुनीती : नेटवर्क छान आहे.

नरहर : बरं... निवृत्त झाल्यावर आपण दोघांचे पासपोर्ट काढले होते, आठवतं? माझा अजून सहा वर्षं चालतो. मी मधूनमधून काढून बघतो.

सुनीती : पाच वर्षं आठ महिने. मीही बघते.