सहावं बोट

माजं नाव मारुती, पर मारुती मनून कुनी हाक मारली तर म्या दुसऱ्याकडं बगतो, मारत्या मनलं का मंग व्हय मनतो. गाव शिरूर कासारच्या अलीकडं, गाव कसलं, वस्तीच, सगळी मुरमाड. जलम मातर तितला न्हाई, जलम उसाच्या फडात, कोपीत, पाचटाच्या झोपडीत झाला, आय मनायची एवढ्या गोड जागी जलमून ह्यो असा कडू कसा निगाला देव जाने. शाळेत नाव घातलतं की, न्हाई असं न्हाई, पर दिवाळी झाली का आमी उसतोडीला जायचो आन् उन्हाळ्यात माघारी यायचो, तवर गुरुजींनी नाव खोडलेलं आसायचं, असं चार बार झालं, पाचव्या बारीला गुरुजी मनले मारत्या, तू निस्ता भेटाया येत जा. मंजे तुमी हे जे लिहायलाव ते मला वाचता येत न्हाई, मनून आधीच सांगतो, जसं सांगायलो तसंच लिहा, मला चांगला करू नका.

आय गेली तवा म्या सहा वर्साचा. अक्का माज्याहून दहा वर्सानं मोठी, तिनंच मला न्हाऊ घातलं, उवा काढल्या, दुधात भाकर चुरून दिली. तिच्या लग्नात वरातीच्या बैलगाडीत म्या चढून बसलो आन् उतरंना, मनलं मला बी नांदाया न्या. तिच्या सासरचे लोक आजून त्याच्यावर हसतेत. हसूंद्या, त्यांचा काय कसूर, हसन्याजोगाच व्हतो.

तुमी इचारलंव ना जेवायच्या आधी काय मनता, तर ते आमच्या बापासून हाय. बा काय माळकरी न्हवता, बुवा न्हवता, पर ताट वाढलं का उजवा हात पुढं धरायचा आन् एकेक बोट मिटायचा. अंगठा, ह्यो पेरनाराचा. दुसरं बोट पानी देनाराचं. मधलं दळनारीचं. चौथं रांधनारीचं. करंगळी वाढनारीची. पाची मिटली का मूठ झाली, ती मूठ कपाळाला लावायची, हारी मनायचं, आन् ताटावर उघडायची. मूठ उघडल्याबिगर घास न्हाई. आता बाची करंगळी तोडीत कोयत्यानं गेलती, तर तो तितल्या खुटाला डाव्या हाताचं बोट लावून मनायचा, ही वाढनारीची. म्या एकडाव मनलं, बा, बोटच न्हाई तर एक नाव कमी घ्या की, भाकर निवायली. अशी मुस्काटात बसली का दळनारी आन् रांधनारी दोघी बी दिसल्या. मनला, बोट गेलं मनून नाव जात न्हाई बे, ज्याचा हात लागला त्याचं नाव घ्यायाचंच.

मंग गावात लग्न आसू, बारसं आसू, तेरावं आसू, पंगत बसली का बा उठायचा, सगळी पंगत हात पुढं करायची, पाच नावं, हारी, झालं. आमटी निवायची न्हाई तवर. बा गेला आन् लोकं मनले मारत्या, आता तू. दुसरं कायी वाट्याला आलं न्हाई, ही पंगत आली.

आन् म्या काय केलं आसंल? काय सांगू तुमाला, म्या सहावं बोट काढलं. एका लग्नात पाची नावं झाली, लोकं मूठ कपाळाला न्यायलेत, म्या मनलं थांबा, आजून एक हाय. डाव्या हाताचा अंगठा वर केला, मनलं ह्यो नवरदेवाच्या मामाचा, सकाळपासून तीन पंगतीत बसलाय, पर मानूस साधा, चवथ्या पंगतीला बी नाराज करायचा न्हाई. पंगत अशी हसली का मांडव हालला. एकडाव हसू मिळालं का मानूस बिघडतो बगा, दारूपेक्षा वाईट. मंग दर बारीला डावा हात बी पुरा व्हायाला लागला, आन् डावा संपला का म्या चप्पल काढायचो, पायाची बोटं आलीच. लोकं वळलेल्या मुठी घेऊन हसत बसायची. गेवराईकडनं सांगावा यायचा, आचारी कुनीबी आना, मारत्या तेवढा पायजे. माजी बायको मनायची, तुमच्या बानं देवाला हात जोडले, तुमी पाय दाखवायलाव.

सगळ्यात जास्ती कोन हसायचं तर अक्का. तिचं हसू मंजे आवाज न्हाई, तोंडाला पदर लावायचा आन् पुढं वाकायचं, वाकता वाकता कपाळ पत्रावळीला टेकायचं. ती वाकली का म्या समजायचो, आज जमलं.

गेल्या साली चैतात माज्या नातवाचं जावळ केलं. देवाला जाऊन आल्याबिगर खायाचं न्हाई मनून अक्का सकाळपासून चहावर व्हती. तिला साखरंचा आजार, पोटात सुई घ्यावी लागती, आन् ती सुई तिची सून द्यायची, संगीता. गुनाची पोर, सातवी का आठवी शिकलेली, डागदरानं तिला शिकवलं व्हतं का सुई दिली का लगीच जेवू घालायचं, उशीर करायचा न्हाई. मंग ती पोर काय करायची, पत्रावळीवर भात पडला, वरन पडलं, बुंदी पडली हे डोळ्यानं बगायची आन् मंगच सुई द्यायची. त्या दिवशी बी तसंच केलं. म्या सोता बघितलं, अक्काच्या पुढ्यात भाताची मूद हाय, वाफ निगायली हाय, संगीतानं पदराच्या आडोशाला सुई दिली आन् मनली, आत्या, आता जेवा. अक्का मनली, थांब की, मारत्या उठलाय.

मारत्या उठला. घरचं कार्य, पाव्हने दीडशे, मंग काय इचारता. उजवा हात झाला, डावा हात झाला. एक बोट गॅसची टाकी आननाराचं, ती रिकामीच आनली व्हती. एक बोट घोंगावनाऱ्या माशांचं, आपल्या आधी चव घेऊन कायी झालं न्हाई हे दाखवलं मनून. एक बोट तोडीच्या मुकादमाचं, भूक कशी आसती हे त्यानंच शिकवलं. एक बोट माज्या मेव्हन्याचं, तो जेवतो कमी आन् मोजतो जास्ती. अर्धा घंटा झाला आसंल, मला काय घड्याळ कळतं व्हय. म्या बायांच्या पंगतीकडं बघितलं, अक्का वाकली व्हती. कपाळ पार पत्रावळीला.

आता हितं जरा थांबा. पानी देता का.

मला वाटलं हसायली. म्या मनलं आज तर अक्काला पार लोळवायचं. चप्पल काढली. पायाची तीन बोटं केली, तिच्यासाठी केली, तिच्याकडं बोट करून केली, मनलं बगा, अक्काला हसू आवरंना, हे बोट अक्काच्या हसन्याचं. सगळी पंगत तिच्याकडं बगून हसली. संगीता तिकडं पुऱ्यांची टोपली घेऊन उभी व्हती, तिनं टोपली टाकली आन् पळाली.

भात गालाला चिकटलेला. डोळे अर्धे उघडे. आन् उजवी मूठ तशीच, वळलेली, कपाळाला लावायची राहिलेली. संगीतानं बुंदीचा पाक बोटानं तिच्या हिरडीला चोळला, जीप काढली, बीडला दवाखान्यात नेलं. वाटंत म्या ती मूठ उघडाया बघितली, उघडंना. एक एक बोट सोडवावं लागलं. करंगळीपासून.

वाचली. वाचली बगा, तिसऱ्या दिवशी बोलाया लागली. पर त्याच्या आधी, पैल्या दिवशी, डागदरनीनं इचारलं सुई कधी दिली. संगीता मनली वाढल्यावर दिली. डागदरीन मनली, वाढल्यावर दिली तर जेवायला उशीर कावून झाला? आमी सात-आठ जन उभे व्हतो, कुनी बोलंना. सगळ्यांनीच हसून घेतलं व्हतं ना, मंग कोन सांगंल? आन् माजा भाचा, अक्काचा ल्योक, संगीताकडं वळला, मनला तू वाढायच्या आधीच टोचली आसशील, तुला कामाची घाई. ती मनली, न्हाई हो, मामांना इचारा, मामांनी बघितलंय. मामा मंजे म्या.

म्या वर पंख्याकडं बघितलं. पंखा बंद व्हता. मनलं, गडबडीत ध्यान न्हवतं गं.

जलमात एवढ्या लोकांपुढं एवढा बोललो, आन् जितं चार शब्द पायजे व्हते तितं हे असं.

मंग संगीताच्या हातातनं सुई गेली. शेजारची एक बाई येऊन द्यायची. वस्तीवर बाया मनायला लागल्या का सुनंनं सासूला मारलं व्हतं. भाच्यानं तिला महिनाभर म्हायेरी धाडलं, आन् म्या तिला यष्टीत बसवून दिलं, पिशवी बी म्याच उचलली, लई मदतीचा मानूस. बायको मला रोज मनायची, तुमचं त्वांड चाललं तवा अक्काचं बंद पडलं, आन् जवा चालायचं तवा तुमचंच बंद पडलं. म्या मनायचो उद्या सांगतो. भाकर पुढं आली का हात पुढं व्हायचा, तीन बोटं मिटायची आन् चवथ्याला, रांधनारीच्या, अडकायचो, चुलीपुढची संगीताच दिसायची. मूठच व्हायाना. डाव्या हातानं ते बोट दाबून मिटवायचो आन् जेवायचो. जेवत मातर व्हतो, उपाशी राहिलो असं लिहू नका, चार भाकरी खायाचो.

अक्कानंच हट्ट करून सुनंला माघारी आनलं. तिला त्या दिवशी सुई आधी का भात आधी ते याद न्हाई. लोक मनलेत सुई चुकली, ती बी मानून बसली, पर मनायची चुकली आसंल एकडाव, पोर वाईट न्हाई. आन् मला काय मनायची, सांगू का? मनायची, मारत्या, तुजं मेव्हन्याचं बोट मला ऐकू आलतं, त्याच्या पुढचं राहिलं बग, त्याच्या पुढं कोनतं काढलंस, सांग की. दर भेटीला. सांग की रे, माजं हसायचं राहिलंय.

हे आसं जगायचं बगा.

यंदा पोळ्याला तिच्याकडं गेलो. बैलं आता कुनाकडं हायेत, मातीचा जोड पुजला, पुरनपोळ्या, घरातलेच वीस-पंचवीस मानसं वसरीत बसलेले. शेजारनीनं सुई देऊन झालती. भाचा मनला मामा, बोटं करा. म्या उठलो. पाची नावं घेतली, चवथ्याला दाबून. मूठ कपाळाला नेऊ मनलं तर अक्का बोलली, आज सहावं न्हाई व्हय रे?

म्या डावा अंगठा वर केला. मनलं, अक्का, सहावं बोट खोटारड्याचं. लगीच हसू. मनलं, तुजी सुई टायमावर व्हती, संगीतानं भात बगून दिली, म्या बघितलं, आन् अर्धा घंटा म्या बोटं नाचवीत बसलो, तू पडली तरी नाचवीत बसलो, आन् दवाखान्यात पंख्याकडं बघितलं. तर आजूनच हसू! भाचा मांडीवर थाप मारायलाय, मनतो मामा, पंख्याचं झकास. तुमी समजा, चाळीस वर्सं मानसं हसवली मंजे काय व्हतं ते. म्या रडायलो आन् ते मनायलेत रडायचं सोंग बी लई भारी.

दोघीच हसल्या न्हाईत. संगीता चुलीपाशी व्हती, तिनं तवा खाली उतरवला आन् माज्याकडं बघितलं. आन् अक्का. अक्का पैल्यांदा वाकली न्हाई, ताठ बसली, माज्या तोंडाकडं बगत राहिली. मंग मनली, गप बसा सगळे. गप बसले.

बाच्या पोटची पोर ती, साठ वर्सात हारी मनल्याबिगर तिनं घास घेतल्याला म्या बघितला न्हाई. तिनं हारी मनलं न्हाई, मूठ कपाळाला लावली न्हाई. मूठ उघडली, पोळीचा तुकडा मोडला आन् खाल्ला. चावून गिळला. मंग मनली, माजी सुई झालीया, मला थांबता येत न्हाई, तुजं चालूंदे. आन् सुनंला मनली, संगे, उद्यापासून तूच सुई दे.

मला तेवढंच बोलली. शिवी दिली आसती तर बरं झालं आसतं, तिच्या शिव्या लई गोड.

आता पंगतीत म्या उठत न्हाई. गेवराईचा सांगावा आला तर सांगतो, पाय दुखतो. लोकं मनतेत मारत्या म्हातारा झाला, मंग मनूंद्या, ते बी खरंच हाय. भाचा आता पाच बोटं करतो, पाचच, आमटी निवत न्हाई. त्यानं संगीताची माफी मागितली का न्हाई मला ठाव न्हाई, इचारायचं त्वांड न्हाई. म्या मागितली. ती मनली, मामा, जेवा आता. आन् वाढती बी भरभरून, तूप हात राखून न्हाई, सगळं हाय. पर पैलं ती माज्या बारीक बारीक बोलन्याला हसायची, आता हसत न्हाई. म्या बी मुद्दाम कायी बोलत न्हाई. चवथं बोट आलं का तिचं नाव घेतो, मनातल्या मनात न्हाई, मोठ्यानं, संगीताचं, मनून. ती आइकती का न्हाई कुनास ठाव, भाकर थापीतच राहती.

अक्का आता माजी वाट बगत न्हाई. सुई झाली का जेवती. म्या ताटावर बसून बोटं मिटंपर्यंत तिची अर्धी भाकर झालेली आसती. तिला तसं जेवताना बघितलं का बरं वाटतं, आन् बाचा हात आठवतो, त्यो खुटा, बोट गेलं तरी नाव घेनारा, आन् बरं वाटायचं थांबतं.

चला, ताट आलं. तुमाला बी वाढलंय. ही वही बाजूला ठिवा, हात पुढं करा, पाच मोजा आन् लगीच उघडा. माज्याकडं बगत बसू नका, बाबा, जेवा.