आईचा संथ टॅब

स्वस्तातला टॅब घ्यावा का म्हणून विचारताय, तर आमच्या आईचं ऐका. तिच्यासाठी मी मुद्दाम स्वस्तातलाच घेतला होता. अक्षरं मोठी दिसतात, हातून पडला तरी जीव हळहळत नाही. पण भारी संथ. बटण दाबलं तरी बराच वेळ ढिम्म.

मी लांब शहराच्या टोकाला, बोम्मसंद्राला कारखान्यात, आई जे. पी. नगरला घरी एकटी. एकदा जेवणाच्या सुट्टीत आम्ही व्हिडिओवर बोललो. "ठेवते रे," म्हणत तिने बटण दाबलं, टॅब पलंगावर टाकला आणि आत गेली. कॉल काही बंद झाला नाही. मी माझ्याकडून बंद करणार, तेवढ्यात धाडकन आवाज आला आणि पाठोपाठ आईचं कण्हणं.

शेजारच्या सुमाअक्कांकडे आमची किल्ली असते. ऑफिसच्या फोनवरून त्यांना कळवलं आणि मोबाइलमध्ये नुसतं छत बघत उभा राहिलो. शेवटी तिकडे दार वाजलं.

"स्वल्प थांबा, उठू नका," अक्का त्यांच्या कानडी मिसळलेल्या मराठीत म्हणाल्या. "पाय मुरगळलाय, बाकी काही नाही. मुलगा टॅबवर ऐकतोय तुमचा."

त्यावर आईचा खणखणीत आवाज आला, "अहो अक्का, आधी तो टॅब बंद करा. त्याचं जेवण राहिलंय."

तेव्हा कुठे मी खुर्चीत बसलो.