भिंतीची कूस

तुम्हीच सांगा साहेब, माणसानं विश्वास ठेवायचा कुणावर — वरच्यावर की खालच्यावर? छे, देवाबद्दल नाही बोलत मी. देवाला कशाला त्रास. त्या हेलिकॉप्टरबद्दल बोलतोय. दुपारचं जेवण झाल्यापासून डोक्यावर गिरणी चालू आहे नुसती, बघा ना, आकड्याला लावलेल्या कड्या कशा किणकिणतायत. बसा, त्या गठ्ठ्यावर बसा, ताडपत्रीचा आहे, मोडत नाही. तुम्ही दारात उभे राहिलात तर गिऱ्हाईक आत यायचं नाही — तसंही आज कोण येतंय म्हणा, रस्त्याच्या दोन्ही टोकांना तुमच्याच गाड्या आडव्या लागल्यात. चहा? नको? बरं. उभेच राहता? राहा.

मला ते यंत्र नवं नाही हो. तुम्ही ठाण्यात नवे दिसता म्हणून सांगतो, तुमच्या त्या वरच्या मंडळींचा सराव माझ्याच आवारात झालाय, या दुकानामागच्या गोदामाभोवती. जागा मी फुकट दिली. बायको म्हणाली, वेड लागलंय का. म्हटलं, अगं, पोलिसांची ओळख ही ताडपत्रीसारखी असते, ऊन असताना घेऊन ठेवावी, आभाळ फाटल्यावर शोधत हिंडू नये. आणि नुसती जागा नाही, चोरही मीच पुरवला — म्हणजे मीच झालो. हे पोट घेऊन. त्यांना पळणारा, लपणारा माणूस हवा होता, आणि तुमची पोरं लपायची ती शिस्तीत, पाय जुळवून. म्हटलं, सरका, बायकोच्या माहेरची मंडळी आली की लपण्यात हयात गेलीय माझी.

पहिल्याच दिवशी काय झालं — वर दोघं असतात, एक चालवणारा, एक बघणारी. चालवणाऱ्यानं चालवायचं, खालच्यांशी बोलायचं ते बघणाऱ्या बाईंनी. बाई म्हणाल्या, उजवीकडे, उजवीकडे. तोवर यंत्र फिरलेलं. त्यांचं उजवं ते खालच्यांचं डावं. चौघं धावत गेले आणि पडले ते माझ्या हमालावर, भिंतीकडे तोंड करून उभा होता बिचारा, काम अर्धवट. अजून तिथं जायच्या आधी आभाळाकडे बघतो तो. संध्याकाळी मी बाईंना म्हटलं, ताई, उजवं-डावं सोडा. आम्ही गठ्ठा उचलताना काय म्हणतो? गठ्ठ्याला तोंड असतं, पाठ असते आणि दोन कुशी असतात. गोदामालाही तसंच. रस्त्याकडे तोंड, मागं पाठ, इकडं नाल्याची कूस, तिकडं भिंतीची कूस. तुम्ही वर कितीही गरगरा, गोदाम काही कूस बदलत नाही. हसल्या नाहीत हो त्या. म्हणाल्या, काका, हे मी घेते. आणि घेतलं.

त्यांनीही मला शिकवलं. म्हणाल्या, पळणाऱ्याच्या मागं खालच्यांनी पळायचंच नसतं. बाहेरच्या चारी बाजू धरायच्या आणि गप उभं राहायचं. वरून बोलणं चालू असताना खालच्यानं मध्ये तोंड घालायचं नाही. आतल्या माणसाला शांतता सोसत नाही, तो आपणहून हलतो, आणि हलला की दिसतो. खरंय ते. मी पोत्यांमागे बसलो होतो ना, कुणी काही करत नव्हतं, नुसता तो आवाज, आणि शेवटी वाटलं उठावं आणि ओरडावं, हा बघा मी इथंय. सराव होता, तरी. उन्हात मात्र त्यांचं काही चालत नाही — पत्रा तापला की त्या उष्णता टिपणाऱ्या कॅमेऱ्याला सगळं एकसारखंच पांढरं दिसतं, बाईच म्हणाल्या होत्या — म्हणजे या वेळेला पत्र्याखाली कुणी असलं तरी — असलं तर म्हणतोय. कुणी नाहीये. माल आहे.

जावयाचं विचारलंत का? नाही? मला वाटलं विचारलंत.

जावई दहावा ग्रह म्हणतात, आणि अकरावा आज हा वर फिरतोय. पण माझा तसा वाईट नाही हो. भित्रा आहे. घरात झुरळ दिसलं तर माझ्या मुलीला हाक मारतो. चौकात गाडी मागं घेताना तुमचा वाहतुकीचा माणूस मध्ये आला — आला कसला, तो जागेवरच उभा होता, हाच गेला त्याच्या अंगावर. पाय मोडला त्याचा. शुद्धीवर आहे म्हणतात, मी विचारलं दवाखान्यात, नाव न सांगता. थांबायला हवं होतं याने. चार शिव्या, दोन थपडा, कोर्टात दंड, संपलं असतं. थांबला नाही. आणि मुलगी आली ती या दारात, तुम्ही आहात तिथंच उभी, म्हणाली, बाबा, तुम्हाला सगळ्या जागा ठाऊक आहेत. आता बापानं काय करायचं? तुमच्याच माणसाचा पाय मोडलाय, तुमची पोरं दातओठ खात असणार, हा घाबरून पळत सुटला तर वरून बाई दिसेल ते सांगतील, पण त्याच्यापर्यंत आधी हात कुणाचा पोचेल, आणि तो हात मोकळा असेल की त्यात काठी असेल — हे मला कोण सांगणार? त्याची हाडं जागच्या जागी राहावीत, एवढंच. बाकी काय व्हायचं ते —

थांबा. काय म्हणाल्या त्या? नाही, नाही, आवाज कमी करू नका, ऐकलं मी. तुमच्या खांद्यावरच्या वॉकीटॉकीतून आलं. ‘नाल्याची कूस धरली. भिंतीची कूस धरली. पाठ धरली. तोंडाला कोण?’ — आणि तुम्ही बोलला नाहीत, नुसतं बटण दाबलंत, दोनदा.

तोंडाला तुम्ही.

म्हणजे मी इतका वेळ तुम्हाला बोलण्यात गुंतवतोय अशा समजुतीत, आणि तुम्ही आपले काम करत उभे. चहा नको, बसायला नको. मला वाटलं, अबोल माणूस आहे. माझेच शब्द, माझंच गोदाम — बाईंना बोल नाही लावत, चांगल्या शिकल्या.

तो हलणार नाही, साहेब. हलूच शकत नाही. बाहेरून कुलूप मी घातलंय. भित्रा माणूस, आवाज ऐकून पळेल म्हणून. आत उकाडा किती असेल, कल्पना आहे तुम्हाला? पाण्याचा तांब्या दिलाय फक्त. आवाज ऐकत बसला असेल, मी बसलो होतो तसा, पण मला उठता तरी येत होतं.

चावी ही. नको, तुम्ही नका जाऊ, तुमचा गणवेश बघून तो पोत्यांत शिरेल आणि मग ओढाओढी होईल. मी उघडतो. बाईंना सांगा, तोंडाकडून काका निघालेत, हात मोकळे, दार उघडतील, मग मागून दुसरा माणूस, हळू चालत येईल. खालच्यांना सांगा, जागा सोडू नका. त्या सांगतील नीट. आणि तुम्ही माझ्यासोबत या, चार पावलं मागं, बघायला.

मग कागदावर लिहायचं ते लिहा. पाय मोडला ते लिहा, पळाला ते लिहा, सासऱ्यानं कोंडून ठेवला तेही लिहा, त्यातलं मी काही कमी करा म्हणणार नाही. पण हाक मारल्यावर तो आपल्या पायानं चालत बाहेर आला, तर तेही त्याच पानावर लिहा. ओढून काढला असं नको. आणि नाही आला, तर नाही आला असं लिहा. हिशेब तेवढा खरा ठेवा, साहेब. चला, सरका जरा.